गावच्या निधीसाठी अन्न शिजवताना: पंगत, स्टॉल आणि बचत गटाचा माल सुरक्षित कसा ठेवावा

शाळेच्या कुंपणभिंतीसाठी, देवळाच्या सभामंडपासाठी किंवा वाचनालयाच्या पुस्तकांसाठी पैसे उभे करायचे ठरले, की आपल्याकडे सर्वांत आधी सुचते ते खाण्याचेच काहीतरी. यात्रेत पिठले-भाकरीचा स्टॉल लागतो, शाळेच्या आनंद मेळाव्यात वडे तळले जातात, भंडाऱ्याच्या पंगतीत वर्गणीची पावती फाडली जाते आणि बचत गटाच्या महिला पापड, कुरडया, मसाले, लोणची मांडून बसतात. या कामात राबणारी माणसे मनापासून राबतात आणि त्यांतली बहुतेक जण घरी उत्तम स्वयंपाक करणारी असतात. तरीही विषबाधेच्या बातम्या अशाच कार्यक्रमांतून येत राहतात. दर वेळी त्यामागे हलगर्जीपणाच असतो असे नाही. आठ माणसांचा स्वयंपाक शिजल्यावर अर्ध्या तासात पानात पडतो, आठशे माणसांचा स्वयंपाक मात्र पहाटे शिजून दुपारपर्यंत काहिलीत थांबतो, आणि हे थांबणे घरच्या अनुभवात कधी आलेलेच नसते. म्हणून पुढचे बरेचसे सांगणे या थांबण्याच्या काळाभोवतीच फिरणार आहे.

आधी नोंदणी

अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ चा झाला आणि त्याखालचे परवाना व नोंदणीचे विनियम ५ ऑगस्ट २०११ पासून लागू झाले. आपण नफ्यासाठी काही करत नाही, तेव्हा हा कायदा आपल्याला लागू नाही, असे अनेक मंडळांना वाटते. परंतु कायद्यातील अन्न व्यवसायाच्या व्याख्येत नफा असो वा नसो, अन्न तयार करणारा, साठवणारा, वाटणारा आणि विकणारा असे सगळेच येतात. लहान अन्न व्यावसायिकाची व्याख्या करताना विनियमांनी फेरीवाला आणि तात्पुरता स्टॉल लावणारा यांच्याबरोबरच धार्मिक किंवा सामाजिक समारंभात अन्न वाटणाऱ्याचाही स्पष्ट उल्लेख केला आहे. केटरर मात्र त्यातून वगळला आहे, त्याला परवाना लागतो. गणेशोत्सवाच्या तोंडावर राज्याचे अन्न व औषध प्रशासन मंडळांना नोंदणीचे आवाहन करते, ते याच आधारावर.

लहान व्यावसायिकाला परवाना नको, नोंदणी पुरते. २०११ च्या विनियमांनी त्यासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये आणि शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले. या आकड्यांत बदल होऊ शकतात, म्हणून अर्ज भरण्याच्या दिवशी अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या ‘फॉसकॉस’ (FoSCoS) या संकेतस्थळावर चालू मर्यादा आणि शुल्क पाहून घ्यावे. अर्ज ऑनलाइन असतो, सोबत अर्जदाराचा फोटो आणि ओळखपत्र लागते, आणि गावातल्या सेवा केंद्रातूनही तो भरता येतो. विनियमांनुसार अर्ज मिळाल्यापासून ७ दिवसांत अधिकाऱ्याने नोंदणी द्यायची, कारण लिहून नाकारायची किंवा तपासणीची नोटीस काढायची असते. तपासणी निघाली तर आणखी दिवस जातात, म्हणून यात्रेच्या आदल्या आठवड्यात धावपळ करण्याऐवजी महिनाभर आधी अर्ज टाकलेला बरा. मिळणारा नोंदणी क्रमांक १४ अंकी असतो आणि फोटो असलेले प्रमाणपत्र स्टॉलवर दिसेल असे लावायचे असते.

इथे एक भेद लक्षात ठेवावा. शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातला माल जसाच्या तसा विकणे या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. सकाळी खुडलेली मेथीची जुडी विकायला नोंदणी लागत नाही; त्याच मेथीची भजी तळून विकली, की लागते. तसेच नोंदणी जागेशी जोडलेली असते, त्यामुळे गटातील दहा जणी दहा घरांत पापड लाटत असतील आणि नोंदणी एकाच घराच्या पत्त्यावर असेल, तर ते कागदोपत्रीही अपुरे ठरते आणि माल कुठे कसा तयार झाला हेही कोणाला सांगता येत नाही. शक्य असेल तर समाजमंदिराची खोली किंवा एखादे मोठे घर ही एकच कामाची जागा ठरवून तिचीच नोंदणी करावी.

काय शिजवायचे, हा निर्णय सर्वांत मोठा

स्वच्छतेच्या सूचनांची यादी करण्याआधी समितीने पदार्थांची यादी तपासावी, कारण निम्मा धोका तिथेच कमी होतो. शेंगदाण्याचे लाडू, चिवडा, शंकरपाळे, कडक भाकरी आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी यांत ओल इतकी कमी असते, की त्यांत जंतूंना वाढायला वाव मिळत नाही. समोर तळून लगेच हातात दिलेली भजी, तव्यावरून थेट पानात आलेले थालीपीठ आणि चुलीवर उकळत असलेले पिठले हेही बऱ्यापैकी निर्धास्त पदार्थ आहेत. याउलट बासुंदी, खीर, फ्रूट सॅलड, पनीरची भाजी, ओल्या खोबऱ्याची चटणी, कापून ठेवलेली फळे आणि बाहेरच्या बर्फाचे सरबत हे पदार्थ उन्हाळ्यात, मांडवाखाली, फ्रीजशिवाय नीट राखता येत नाहीत. आपल्या बहुतेक जत्रा चैत्र-वैशाखात येतात, तेव्हा मराठवाड्यात आणि विदर्भात सावलीतही पारा चाळिशीपार असतो. अशा दिवशी गोडाच्या पानात बासुंदीऐवजी बुंदी किंवा गरम शिरा ठेवला, तर पंगतीची शोभा कमी होत नाही.

वड्यांबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण निधीसाठी सर्वांत जास्त विकला जाणारा पदार्थ तोच असतो. सकाळी वेळ मिळत नाही म्हणून बटाटे रात्रीच उकडून, सोलून, कुस्करून, फोडणी घालून मोठ्या पातेल्यात झाकून ठेवण्याची पद्धत आहे. वडा तळला की सगळे जंतू मरतात, अशी त्यामागची समजूत असते; पण कढईतले तेल कितीही कडक तापलेले असले, तरी वड्याचे आवरण शिजेपर्यंत आतला गोळा जेमतेम गरम होतो. शिवाय काही जंतूंनी रात्रीत सोडलेले विष पुन्हा तापवूनही नष्ट होत नाही. बटाटे रात्री धुऊन ठेवावेत, आले-लसूण-मिरची वाटून फ्रीजमध्ये ठेवावी आणि उकडणे पहाटे करावे. विक्री दिवसभर चालणार असेल, तर सारण एकदम न करता दोन किंवा तीन घाणे करावेत.

शिधा, पाणी आणि भांडी

भंडाऱ्यासाठी घरोघरून शिधा गोळा होतो. ही रीत सुंदर आहे, पण एका पोत्यात पन्नास घरांचे धान्य एकत्र पडते आणि त्यांतल्या एका घरच्या डब्यातील दोष सगळ्या काहिलीत उतरतो. म्हणून शिधा स्वीकारताना गहू, ज्वारी, डाळ, तांदूळ वेगवेगळे पसरून दोन अनुभवी बायकांनी पाहावेत. बुरशीचा वास, ओल, धोत्र्याचे बी किंवा पेरणीसाठी औषध लावलेल्या बियाण्याचा गुलाबी रंग दिसला, तर ते धान्य बाजूला काढावे, आणि देणाऱ्याचा मान राखून पण ठामपणे परत करावे. घरातून उरलेले सुटे तेल, उघडे दूध आणि खवा शिध्यात घेऊच नये; तेल सीलबंद पिशवीत किंवा डब्यात घ्यावे. मसाला, रवा, गूळ, तूप जे विकत आणायचे ते नोंदणी असलेल्या दुकानातूनच आणावे आणि बिले एका पाकिटात जपून ठेवावीत. बुंदीला किंवा जिलबीला उठाव यावा म्हणून टपरीवर मिळणारी रंगाची सुटी पुडी वापरणे टाळावे, कारण मेटॅनिल यलोसारखे बंदी असलेले रंग अशाच पुड्यांतून येतात.

भांड्यांच्या बाबतीत मी आग्रहाने एकच गोष्ट सांगेन: खताचे, कीटकनाशकाचे किंवा कोणत्याही रसायनाचे रिकामे ड्रम आणि कॅन कितीही घासले तरी पाण्यासाठी, तेलासाठी, ताकासाठी वापरू नयेत. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यात धरमासती गंडामन या गावच्या शाळेत माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. त्या जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडले होते. आपल्याकडे कापसाच्या आणि भाजीपाल्याच्या पट्ट्यात असे कॅन घरोघरी पडलेले असतात, आणि मठ्ठ्यासाठी भांडे कमी पडले की घाईत एखादा उचलला जातो. दुसरी काळजी पितळी आणि तांब्याच्या भांड्यांची. देवस्थानच्या जुन्या हंड्या-पातेल्यांना कल्हई नसेल, तर त्यांत चिंचेची आमटी, कढी, ताक, लिंबाचे सरबत असे आंबट काही ठेवू नये, कारण आंबटामुळे धातू अन्नात उतरतो आणि मळमळ, उलट्या सुरू होतात.

पाण्याची व्यवस्था ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला विश्वासात घेऊन करावी. विहिरीत किंवा टाकीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकल्यावर किमान अर्धा तास थांबून ओटी चाचणी, म्हणजे पाण्यातले क्लोरीन रंगावरून ओळखण्याची चाचणी, करावी आणि पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे याची खात्री करूनच स्वयंपाकाला पाणी घ्यावे. टँकरचे पाणी येणार असेल, तर तीच चाचणी टँकरवरही करावी. पिण्याचे पाणी झाकलेल्या पिंपात ठेवून त्याला तोटी लावावी. पेले बुडवून पाणी घेण्याची सवय शेकडो हात त्या पाण्यात घालते.

शिजल्यापासून पानापर्यंत

अन्न ५ अंशांच्या खाली थंड असते किंवा ६० अंश सेल्सिअसच्या वर गरम असते, तोवर जंतू फारसे वाढत नाहीत. या दोन आकड्यांच्या मधला पट्टा धोक्याचा, आणि मांडवात निवत पडलेले प्रत्येक पातेले त्याच पट्ट्यात असते. भाताचेच पाहा. तांदळावर असणाऱ्या बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू उकळीत मरत नाहीत; भात कोमट झाला की ते रुजतात आणि विष तयार करतात, जे पुढे परतूनही जात नाही. उसळ, आमटी आणि मटणाच्या रश्शात क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जंतू असाच टिकतो, आणि ४३ ते ४५ अंशांच्या आसपास त्याची संख्या सुमारे १० मिनिटांत दुप्पट होते. पन्नास लिटरचे पातेले झाकून ठेवले तर त्याचा मध्य तासन्‌तास याच ऊबेत राहतो. रात्री शिजवून सकाळी वाढलेल्या रश्शाला वास येत नाही, चव बदललेली नसते, आणि तरीही तो शेकडो लोकांना आजारी पाडू शकतो. ‘चाखून पाहिले, चांगले आहे’ हा निर्वाळा म्हणूनच पुरेसा नाही, हे आचाऱ्यालाही आणि समितीलाही नीट समजावून द्यावे.

यावर उपाय महागडा नाही. शिजणे आणि वाढणे यांत दोन तासांपेक्षा जास्त अंतर पडणार नाही, अशा रीतीने चुली पेटवण्याची वेळ ठरवावी. पंगत बाराला बसणार असेल, तर आचाऱ्याशी बोलून भाजी आणि भात साडेदहाच्या सुमारास उतरतील असे पाहावे. आणि पाहुण्यांची भाषणे लांबणार असतील, तर समितीने भाषणे जेवणानंतर ठेवावीत. हजार पानांचा स्वयंपाक एकाच काहिलीत करण्यापेक्षा तीन घाण्यांत, पंगतीच्या ओळीने करावा. जे गरम ठेवायचे ते मंद विस्तवावर, अधूनमधून तळापासून ढवळत, वाफ दिसेल इतके गरम ठेवावे. चारशे-पाचशे रुपयांच्या आसपास मिळणारा अन्नात खुपसायचा तापमापक प्रत्येक मंडळाने एकदा घेऊन ठेवावा, कारण वाफेच्या अंदाजापेक्षा ६० चा आकडा निर्विवाद असतो. एखादा पदार्थ आधी करून थंड करावाच लागला, तर तो पसरट परातींत दोन-तीन बोटे जाडीचा ओतून, पंख्याखाली वाफ घालवून, लवकरात लवकर फ्रीजमध्ये न्यावा, आणि वाढण्यापूर्वी मधोमध ७५ अंशांपर्यंत पुन्हा तापवावा. वरून गरम पाणी किंवा गरम तेलाची फोडणी ओतणे म्हणजे पुन्हा तापवणे नव्हे.

तळणीच्या तेलाबद्दल थोडक्यात एवढेच, की काळसर पडलेले, फेसाळणारे आणि चिकट झालेले तेल टाकून द्यावे, त्यात नवे तेल घालून ते वाढवू नये. वडे-भजी वर्तमानपत्रात बांधून देणे थांबवावे. छपाईची शाई तेलात उतरते आणि अन्नासाठी वर्तमानपत्र वापरण्यास नियमांनी मनाई आहे. पळसाची किंवा केळीची पाने, द्रोण किंवा कोरा खाद्योपयोगी कागद गावात सहज मिळतो.

हात कोणाचे

ज्याला गेल्या दोन दिवसांत जुलाब, उलट्या किंवा ताप झाला आहे, ज्याला कावीळ आहे किंवा ज्याच्या हातावर पिकलेली जखम अथवा गळू आहे, त्याने स्वयंपाकात आणि वाढण्यात हात घालू नये. पिकलेल्या जखमेतला स्टॅफिलोकॉकस हा जंतू अन्नात गेला, की त्याचे विष एक ते सहा तासांत उलट्या घडवते आणि तेही उकळून जात नाही. गावात हे सांगणे अवघड असते, कारण देवाच्या कामात सेवा नाकारली असे माणसाला वाटते. अशा सेवेकऱ्याला पावती-पुस्तक, पार्किंग किंवा पादत्राणांची व्यवस्था द्यावी, म्हणजे त्याचा मान आणि लोकांची तब्येत दोन्ही राखले जातात. जो पैसे घेतो त्याने अन्न हाताळू नये, हा नियम स्टॉलवर पहिल्या मिनिटापासून पाळावा. चुलाणाजवळ तोटीचे पिंप, साबण, खाली बादली आणि स्वच्छ पंचे अशी हात धुण्याची जागा करावी. पिठाने आणि तेलाने माखलेल्या हातांवर सॅनिटायझरचा उपयोग होत नाही, तिथे साबण-पाणीच हवे. वाढप्यांनी पोळी, भजी, लाडू चिमट्याने द्यावेत आणि आमटी-भाजीसाठी ओगराळे वापरावे. एकच हातमोजा दिवसभर घालणे हे न घालण्यापेक्षा बरे नाही.

उपवासाचा प्रसाद

एकादशी, महाशिवरात्र आणि नवरात्र या दिवसांची वेगळी काळजी घ्यावी लागते. २० फेब्रुवारी २०२४ रोजी बुलढाणा जिल्ह्यातील लोणार तालुक्यात, सोमठाणा येथे हरिनाम सप्ताहातील एकादशीच्या प्रसादानंतर शेकडो भाविकांना विषबाधा झाली, आणि रुग्णालयात जागा अपुरी पडल्याने झाडांना दोऱ्या बांधून लोकांना सलाइन लावावे लागले. भगरीच्या बाबतीत अन्न व औषध प्रशासनाने अनेकदा सावध केले आहे: दमट हवेत भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी वाढते आणि ती विषारी द्रव्ये तयार करते. यासाठी सुटी भगर आणि विशेषतः तयार भगर पीठ घेऊ नये. उत्पादन व अंतिम तारीख असलेले बंद पाकीट घ्यावे, निवडून स्वच्छ धुवावे, आणि पीठ हवेच असेल तर लागेल तेवढेच त्याच दिवशी दळावे. भिजवलेला साबुदाणा आणि दाण्याचे कूट रात्रभर उष्ण जागी ठेवू नये. दिवसभर उपाशी राहिलेल्या वृद्धांना हा त्रास लवकर आणि जास्त होतो, म्हणून उपवासाच्या प्रसादात पदार्थांची संख्या कमी ठेवलेली बरी.

बचत गटाचा पाकीटबंद माल

पापड, मसाले, लोणची पाकिटात गेली की त्यांना लेबलाचे नियम लागू होतात. पदार्थाचे नाव, प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कोणत्या तारखेपर्यंत वापरावे, बॅच क्रमांक, गटाचे नाव-पत्ता, १४ अंकी नोंदणी क्रमांक आणि शाकाहारासाठी चौकटीतला हिरवा ठिपका एवढे तरी पाकिटावर हवे. शेंगदाणे, गहू, दूध, तीळ असल्यास ते ठळक लिहावे. मुदत अंदाजाने ‘६ महिने’ लिहू नये. त्याच घाण्याची काही पाकिटे ठेवून, दर महिन्याला एक उघडून, वास, खवटपणा आणि बुरशी पाहून ती ठरवावी. लोणच्याच्या फोडी कोरड्या करून मीठ आणि आम्लपणा पुरेसा ठेवावा. तेलात बुडवलेला कच्चा लसूण, ज्यात आंबट काहीच नाही, असा पदार्थ बरणीत भरून महिनोन्‌महिने विकू नये, कारण तेलाखाली हवा नसते आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू नेमका तिथेच वाढतो.

त्रास झाला तर, आणि उरले तर

प्रत्येक पदार्थाचा वाटीभर नमुना स्वच्छ झाकणाच्या डब्यात, नाव आणि वेळ लिहून, फ्रीजमध्ये दोन दिवस ठेवावा. एकाच कार्यक्रमातून दोन-तीन जणांनाही एकदम उलट्या-जुलाब झाल्याचे कळले, तर वाढणे ताबडतोब थांबवावे, १०८ ला फोन करावा आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला लगेच कळवावे. गाडी येईपर्यंत ओआरएस द्यावे. ते नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सपाट ६ चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून घोटघोट पाजावे. बदनामीच्या भीतीने पातेली घासून टाकू नयेत. उरलेले अन्न, नमुने, बिलांचे पाकीट आणि स्वयंपाक्यांची यादी अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या स्वाधीन केली, तर कारण लवकर सापडते आणि डॉक्टरांनाही उपचाराची दिशा मिळते.

काहीच बिघडले नाही आणि अन्न मात्र उरले, तर ते गरम असतानाच शेवटच्या पंगतीनंतर लगेच वस्तीवर पोहोचवावे, दुसऱ्या दिवशी वाटण्यासाठी ठेवू नये. उरलेला भात आणि पोळ्या घमेल्यांनी गाई-बैलांपुढे टाकण्याचीही सवय आहे, पण एकदम भरपूर शिजवलेले धान्य खाल्ल्याने जनावराच्या पोटात आम्ल वाढते, ते चारा सोडते आणि प्रसंगी दगावते. मूठ-दोन मुठींपलीकडे जनावरांना देऊ नये, आणि बाकीचे मांडवापासून आणि विहिरीपासून दूर खड्ड्यात, मातीचा थर देऊन पुरावे.